मॉड्यूल गेलंय की फायबर? टोसा, रोसा, बोसा ओळखून दोष पकडायची पद्धत

लिंक पडली की पहिला संशय मॉड्यूलवर. एसएफपी (स्विचच्या पोर्टात बसणारं, विजेच्या सिग्नलचा उजेड आणि उजेडाचा विजेचा सिग्नल करणारं छोटं मॉड्यूल) काढलं, दुसरं घातलं, दिवा लागला नाही. मग पोर्ट बदललं, पॅच कॉर्ड बदलली, आणि संध्याकाळी कळलं की जॉइंट बॉक्समध्ये फायबर वाकली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दरम्यान दोन धडधाकट मॉड्यूलं ‘डेड’ म्हणून खोक्यात जाऊन पडतात आणि ती परत कोणी तपासत नाही.

यातून सुटायचं तर मॉड्यूलकडे एक अखंड वस्तू म्हणून बघणं सोडावं लागतं. त्यात विजेचा प्रकाश करणारा भाग वेगळा आणि प्रकाशाची वीज करणारा भाग वेगळा. दोघे वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात आणि बिघडताना वेगवेगळी लक्षणं दाखवतात. पहिला बऱ्याचदा म्हातारा होऊन जातो. दुसरा, त्यातही लांब पल्ल्याचा, कुणीतरी जास्त उजेड घातल्यामुळे जातो. कोणता भाग गेलाय हे मॉड्यूल न उघडता, त्याने स्वतः दिलेले पाच आकडे आणि एक पॉवर मीटर एवढ्यावर बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. स्विच-राउटर सांभाळणारे, फायबर-इंटरनेटची लाइन बघणारे आणि ओएनयू (फायबर-इंटरनेटचं ग्राहकाच्या घरातलं यंत्र) दुरुस्त करणारे, तिघांनाही ही पद्धत लागू पडते.

आधी आतली माणसं ओळखून घेऊ

एसएफपीच्या मागच्या टोकाला २० पट्ट्यांचा सोनेरी कनेक्टर असतो. तिथून ३.३ व्होल्टचा पुरवठा येतो आणि डेटाच्या दोन जोड्या असतात, एक आत येणारी, एक बाहेर जाणारी. आत येणारा सिग्नल लेझर ड्रायव्हर चिपकडे जातो, ड्रायव्हर त्या तालावर लेझरमधला करंट कमीजास्त करतो आणि लेझरचा उजेड कमीजास्त होतो. उलट बाजूला फोटोडायोड उजेडाचा करंट करतो, ट्रान्सइम्पीडन्स अॅम्प्लिफायर त्या करंटचं व्होल्टेज करतो आणि पुढचा लिमिटिंग अॅम्प्लिफायर ते स्वच्छ शून्य-एक करून स्विचच्या हवाली करतो.

लेझर आणि त्याचा लवाजमा ज्या धातूच्या छोट्या नळकांड्यात बसवलेला असतो त्याला ट्रान्समीटर ऑप्टिकल सब-असेंब्ली म्हणतात, बोलताना टोसा. फोटोडायोडचं नळकांडं म्हणजे रोसा. दोन्ही एकाच नळकांड्यात, एकाच फायबरवर असतील तर बोसा. ड्रायव्हर, लिमिटिंग अॅम्प्लिफायर आणि मायक्रोकंट्रोलर या नळकांड्यांच्या बाहेर, हिरव्या बोर्डावर असतात. दोघांना जोडणारी पातळ लवचीक पट्टी असते. दोष शोधताना ही सीमारेषा डोक्यात ठेवा.

टोसा

टोसाच्या टोकाला साधारण ५.६ मिलिमीटर व्यासाची टीओ-५६ डबी असते. तिच्यात लेझर डायोडची चिप आणि एक मॉनिटर फोटोडायोड, पुढे भिंग, आणि तोंडाशी सिरॅमिकची बाही. एलसी कनेक्टरचा १.२५ मिलिमीटरचा फेरूल (फायबर धरणारी टोकाची बारीक नळी) या बाहीत जाऊन बसतो. लांब पल्ल्याच्या टोसात मध्ये एक आयसोलेटरही असतो, म्हणजे फायबरवरून परत आलेला उजेड लेझरमध्ये शिरून त्याला अस्थिर करत नाही.

सिंगल मोड फायबरचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा. लेझरचा झोत त्यात नेमका पाडायचा तर मायक्रॉनचीही चूक चालत नाही. म्हणून कारखान्यात लेझर चालू ठेवून, पलीकडे किती उजेड निघतोय ते बघत भाग सरकवतात आणि सर्वांत जास्त पॉवर मिळते तिथे वेल्डिंगने पक्का करतात. टोसा हाताने उघडून ‘जरा सरळ’ करता येत नाही ते यामुळेच.

लेझर कोणता आहे यावर पल्ला ठरतो. ८५० नॅनोमीटरचा व्हिक्सेल (चिपच्या पृष्ठभागातून उजेड देणारा लेझर) मल्टिमोडसाठी, म्हणजे जाड गाभ्याच्या फायबरसाठी: स्वस्त, काही मिलिअँपिअरवर चालणारा, १० गिगला (सेकंदाला १० गिगाबिट) ओएम-३ दर्जाच्या फायबरवर ३०० मीटर. १३१० चा फॅब्री-पेरो साध्या एक गिगच्या १० किलोमीटरवाल्या मॉड्यूलात सापडतो. डीएफबी एकाच तरंगलांबीवर टिकून राहतो, म्हणून १० गिगच्या १० किलोमीटरला तो. १५५० वर ४० किलोमीटर आणि पुढे १० गिग न्यायचं तर ईएमएल लागतो: त्यात लेझर सतत पेटता ठेवतात आणि समोरचा मॉड्युलेटर उजेड अडवतो-सोडतो. लेझरचाच करंट झटक्याने बदलला तर तरंगलांबी हलते, आणि १५५० वर दर किलोमीटरला प्रति नॅनोमीटर साधारण १७ पिकोसेकंदांचं डिस्पर्शन असल्याने तेवढं हलणंही सिग्नल पसरवून टाकायला पुरतं.

आता यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट, तो मॉनिटर फोटोडायोड. चिपच्या कडेतून उजेड देणाऱ्या लेझरमध्ये (व्हिक्सेल सोडून वर सांगितलेले सगळे) थोडा उजेड मागच्या बाजूनेही निघतो, आणि हा फोटोडायोड तोच मोजतो. मॉड्यूल आपल्याला जी ‘टीएक्स पॉवर’ (पाठवलेल्या उजेडाची पॉवर) सांगतं ती या मागच्या उजेडावरून काढलेली असते. फायबरच्या तोंडाशी खरंच किती उजेड पोचला याची त्याला कल्पना नसते. भिंग सरकलं, बाहीत कचरा अडकला, तरी मॉड्यूल ‘-२ डीबीएम, सगळं ठीक’ असंच सांगत राहतं. (डीबीएम म्हणजे १ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली पॉवर.) निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

रोसा

रोसात फोटोडायोड आणि ट्रान्सइम्पीडन्स अॅम्प्लिफायर एकाच डबीत शेजारी बसवतात. कारण करंट इतका बारीक असतो की दोघांमध्ये तारेचं अंतर वाढलं तर गोंगाटच त्याला गिळून टाकेल. हिशेब करून बघा: -२० डीबीएम म्हणजे १० मायक्रोवॉट. १३१० वर इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा पिन फोटोडायोड दर वॉटला साधारण ०.९ अँपिअर देतो. म्हणजे हातात आले ९ मायक्रोअँपिअर. त्यावरून सेकंदाला अब्जावधी बिट ओळखायचे.

लांब पल्ल्याला पिनऐवजी अॅव्हलांश फोटोडायोड, म्हणजे एपीडी वापरतात. त्याला काही दशक व्होल्टचा उलटा दाब देतात, त्यामुळे आतल्या आत करंट अनेक पट होतो आणि रोसाला पिनपेक्षा बराच अंधुक उजेडही पुरतो. पण ज्या दाबामुळे तो संवेदनशील होतो त्याच दाबामुळे जास्त उजेडात तो जळतो. ८० किलोमीटरची दोन मॉड्यूलं टेबलावर छोट्या पॅच कॉर्डने समोरासमोर जोडणं म्हणजे दोन्ही रोसांचा जीव घेणं. मध्ये १५-२० डीबीचा, उजेड मुद्दाम कमी करणारा अॅटेन्युएटर लावल्याशिवाय ती कधीही जोडू नका.

बोसा

बोसात मधोमध ४५ अंशांत एक फिल्टरची काच असते. घरच्या जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटून देण्याची पद्धत) ओएनयूमध्ये १३१० चा जाणारा उजेड तिच्यातून आरपार जातो आणि १४९० चा येणारा उजेड तिच्यावर आपटून काटकोनात वळतो, बाजूला बसवलेल्या फोटोडायोडकडे. म्हणून बोसाचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो. फोटोडायोडसमोर आणखी एक छोटा फिल्टर असतो, कारण स्वतःचाच लेझर शेजारी काही मिलिमीटरवर पेटलेला असतो आणि त्याच्यापुढे दुरून येणारा उजेड अगदीच किरकोळ. ओएलटीच्या (कंपनीकडच्या टोकाच्या यंत्राच्या) मॉड्यूलात हेच उलट: १४९० जातो, १३१० येतो.

लागणारं सामान

पॉवर मीटर, त्यात ८५०, १३१०, १४९० आणि १५५० या तरंगलांब्या निवडता आल्या पाहिजेत. एक क्लिकवाले दोन क्लीनर, १.२५ आणि २.५ मिलिमीटरचे. खात्रीच्या दोन पॅच कॉर्ड, ज्या फक्त चाचणीसाठी राखून ठेवायच्या. ५ आणि १० डीबीचे अॅटेन्युएटर. जमलं तर फेरूल बघायचा स्कोप. घेतलात तर याच एका वस्तूचे पैसे सगळ्यात लवकर वसूल होतात. मॉड्यूल उघडणार असाल तर अर्थिंगचा मनगटी पट्टा.

आणि डोळे सांभाळा. १३१०, १४९०, १५५० यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ‘अंधार दिसतोय’ याचा अर्थ ‘उजेड नाही’ असा होत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघायची युक्तीही इथे चालत नाही: कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर साधारण ११०० नॅनोमीटरच्या पुढे आंधळा असतो. ८५० त्यात जेमतेम चमकतो, पुढचं काहीच नाही.

पायरी १: जोडी बरोबर आहे ना ते बघा

हास्यास्पद वाटेल, पण सुरुवात इथूनच. लेबल वाचा: तरंगलांबी, वेग, पल्ला. मॉड्यूल ओढून काढायच्या कडीचा रंगही मदत करतो. काळी किंवा फिकट पिवळसर कडी सहसा मल्टिमोडची, निळी सहसा १३१० सिंगल मोडची. एका फायबरवर चालणाऱ्या बायडी मॉड्यूलात एका टोकाला १३१० पाठवणारं आणि दुसऱ्या टोकाला १४९० किंवा १५५० पाठवणारं लागतं. दोन्ही टोकांना सारखंच घातलं तर दोन्ही बोसा ठणठणीत, दोन्हीकडून उजेड पुरेपूर, आणि लिंक मात्र नाही, कारण समोरून आलेली तरंगलांबी फिल्टर फोटोडायोडकडे वळवतच नाही.

कनेक्टरचा रंगही बघून घ्या. हिरवा एपीसी ८ अंश तिरका घासलेला असतो, निळा यूपीसी जवळपास सपाट. हिरव्यात निळा बसतो, पण दोन्ही तोंडांमध्ये फट राहते, उजेड वाया जातो आणि उलटही फिरतो.

पायरी २: पाच आकडे वाचा

एसएफपीत दोन पत्त्यांवर माहिती असते: एकावर कंपनी-मॉडेल-तरंगलांबी, दुसऱ्यावर चालू मापं. लिनक्स मशीनवर इथटूल, स्विचवर ‘शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर डिटेल’सारखी कमांड, ओएनयूत वेबपेजवरचं पॉन किंवा ऑप्टिकल स्टेटस. मिळणारे आकडे असे: तापमान, पुरवठ्याचं व्होल्टेज, लेझरचा बायस करंट (लेझर पेटता ठेवणारा करंट), टीएक्स पॉवर, आरएक्स (आत येणाऱ्या उजेडाची) पॉवर.

या आकड्यांवर किती विसंबायचं? एसएफएफ-८४७२ या स्पेसिफिकेशनमध्ये पॉवरच्या आकड्यांना ३ डीबी इकडे-तिकडे चालतं, बायसला १० टक्के, तापमानाला ३ अंश. ३ डीबी म्हणजे दुप्पट किंवा निम्मं. म्हणून मॉड्यूल -७ म्हणालं आणि मीटर -८.५ म्हणाला तर कुणीही खोटं बोलत नाहीये. फरक ४-५ डीबीच्या वर गेला की मगच कान टवकारा.

अजून एक. आरएक्स -४० दिसलं तर ते ‘फार कमी उजेड’ नसून ‘उजेडच नाही’ असं वाचा. मोजण्याचं सर्वांत लहान एकक ०.१ मायक्रोवॉट आहे आणि त्याचं डीबीएम बरोबर -४० येतं. काही यंत्रं तिथे उणे अनंत दाखवतात, अर्थ तोच.

सगळे आकडे तारीख टाकून लिहून ठेवा, लिंक चांगली चालत असतानाही. नवीन असताना बायस २२ मिलिअँपिअर होता हे माहीत असेल तरच आजच्या ३५ ला अर्थ येतो.

पायरी ३: पुसा, मग बोला

९ मायक्रॉनच्या गाभ्यापुढे धुळीचा साधा कण म्हणजे दरवाजात पडलेला धोंडा. दोन्ही टोकांचे फेरूल क्लीनरने साफ करा, आणि मॉड्यूलच्या तोंडातही तोच क्लीनर घालून एकदा क्लिक करा, कारण कॉर्ड पुसून घाणेरड्या बाहीत घातली तर कचरा परत तिलाच चिकटतो. शर्टाला पुसणं, फुंकर मारणं हे प्रकार बंद. फुंकरीत ओलावा असतो. अल्कोहोल वापरलंत तर नंतर कोरड्या वाइपने पुसलंच पाहिजे, नाहीतर सुकल्यावर डाग राहतो. पुसून झाल्यावर पायरी २ परत करा. इथेच प्रकरण मिटलं तर पुढचं वाचायची गरज नाही, आणि ते पुष्कळदा इथेच मिटतं.

पायरी ४: टोसाची परीक्षा

मॉड्यूल पोर्टात, पोर्ट चालू. खात्रीची कॉर्ड मॉड्यूलच्या टीएक्सला, दुसरं टोक मीटरला. मीटरवर तरंगलांबी बरोबर निवडलीय ना ते बघा. आता तीन आकडे शेजारी मांडा: मॉड्यूलने सांगितलेली टीएक्स पॉवर, मीटरने मोजलेली पॉवर, आणि बायस.

मोजमापाची पट्टी म्हणून हे लक्षात ठेवा: १०जीबेस-एलआरची (१० गिग, १० किलोमीटरवाल्या मॉड्यूलची) टीएक्स -८.२ ते ०.५ डीबीएममध्ये हवी, १०००बेस-एलएक्सची (एक गिगवाल्याची) -११ ते -३ मध्ये.

मॉड्यूल आणि मीटर दोघेही बरोबर, बायसही पूर्वीसारखाच: टोसा निर्दोष, संशय सोडा.

दोघेही बरोबर, पण बायस बराच वाढलेला: लेझर म्हातारा होतोय. मॉड्यूलमधलं सर्किट मॉनिटर फोटोडायोडकडे बघत पॉवर ठरल्या जागी धरून ठेवतं. लेझर थकला की तेवढ्याच उजेडासाठी जास्त करंट ढकलतं. बाहेरून काहीच कळत नाही, लिंक मस्त चालते. मूळ बायसच्या दीडपट झाला की लेझरचं आयुष्य संपलं असं धरायची पद्धत या धंद्यात आहे. पण तुलना करताना तापमान सारखं हवं, कारण लेझर तापला की त्याला तसाही जास्त करंट लागतो. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीतला आकडा आणि जानेवारीतला आकडा शेजारी ठेवून लेझर मेला म्हणू नका. बाहेर ४५ अंश असताना उन्हातल्या बंद पेटीत मॉड्यूल सहज ७० ओलांडतं, आणि साध्या व्यापारी दर्जाच्या मॉड्यूलची हद्दच ० ते ७० असते. अशा जागी -४० ते ८५ वालं औद्योगिक दर्जाचंच घाला. तिथे काटकसर महागात पडते.

बायस खूप वर, आणि तरीही पॉवर उतरलेली: सर्किटने हात टेकले. आजच बदला.

मॉड्यूल म्हणतं ठीक, मीटर म्हणतो ६-८ डीबी कमी: लेझर पेटतोय पण उजेड फायबरपर्यंत पोचत नाही. बाहीत कचरा, फेरूल तडकलेला, किंवा मॉड्यूल आपटून आतली जुळणी हललेली. पुन्हा साफ करा. तरीही तसंच असेल तर टोसा गेला.

बायस शून्य, पॉवर -४०: घाई नको. पोर्ट शटडाऊन असेल तर स्विच टीएक्स-डिसेबलची पट्टी वर करतो आणि लेझर मुद्दाम बंद राहतो. पोर्ट चालू करून बघा. टीएक्स-फॉल्ट लागलेला दिसला तर मॉड्यूल एकदा काढून घाला. तरीही अंधारच असेल तर लेझर किंवा ड्रायव्हर, दोघांपैकी एक गेला. एसएफपीच्या बाबतीत दोघांत फरक करून हाती काही लागत नाही.

पायरी ५: रोसाची परीक्षा

समोरून येणारी फायबर मॉड्यूलमधून काढून मीटरला लावा, आकडा घ्या. परत मॉड्यूलला लावा आणि आरएक्स पॉवर वाचा. इथे मॉड्यूलचा आकडा खरा असतो, कारण तो फोटोडायोडवर प्रत्यक्ष पडलेल्या उजेडाचा आहे.

पण त्याआधी किती यायला हवं ते काढा, नाहीतर तुलना कशाशी? १० किलोमीटरची १३१० ची लिंक धरा. दर किलोमीटरला ०.३५ डीबीप्रमाणे ३.५, दोन कनेक्टरचे मिळून १, चार स्प्लाइसचे (फायबर वितळवून केलेल्या जोडांचे) ०.४, एकूण जवळपास ५. समोरचं -२ पाठवत असेल तर इथे -७ च्या आसपास यायला हवं. मीटरने -१३ दाखवलं तर ६ डीबी वाटेत हरवलेत, आणि तुमच्या हातातल्या मॉड्यूलचा त्यात काडीचाही दोष नाही. एलआरचा रिसीव्हर कागदावर -१४.४ पर्यंत ऐकतो, त्यामुळे लिंक चालेलही, पण पहिल्या पावसात किंवा एखाद्या वाकलेल्या वळणावर पडेल. फायबरवर माणूस पाठवा. वाकण्याचा संशय असेल तर शक्य झाल्यास दोन तरंगलांब्यांवर मोजा: वाकलेल्या जागी १५५० चा उजेड १३१० पेक्षा जास्त गळतो. १३१० जवळपास ठीक आणि १५५० बराच पडलेला दिसला तर कुठेतरी फायबर दुमडलीय.

मीटर -७ म्हणतो आणि मॉड्यूल -१६: उजेड दाराशी येतोय, आत पोचत नाही. आरएक्सची बाही साफ करा, पुन्हा बघा. फरक राहिलाच तर रोसा गेला. एपीडीवाल्या मॉड्यूलात हे दिसलं की आधी विचारा, कुणी ओटीडीआर (फायबरमध्ये पल्स सोडून दोषाची जागा शोधणारं यंत्र) चालवला होता का? समोर मॉड्यूल जोडलेलं असताना त्या फायबरवर ओटीडीआरचा पल्स सोडणं हा रोसा मारायचा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. ओटीडीआर लावायच्या आधी दोन्ही टोकांची मॉड्यूलं काढलीच पाहिजेत.

मीटर आणि मॉड्यूल दोघेही -७ म्हणतात, तरी सीआरसी एरर (डेटा बिघडून आल्याच्या नोंदी) वाढतायत: हे सगळ्यात फसवं. उजेड पुरेसा आहे, पण शून्य आणि एक यांतला फरक पुसट आहे. लेझरचा ‘एक’ आणि ‘शून्य’ यांच्या पॉवरच्या गुणोत्तराला एक्स्टिंक्शन रेशो म्हणतात. एलआरला तो किमान ३.५ डीबी हवा. मीटर फक्त सरासरी मोजतो, हा फरक त्याला दिसत नाही. म्हणजे दोष समोरच्या टोसात असू शकतो किंवा इथल्या रोसाच्या अॅम्प्लिफायरात. निकाल पुढच्या पायरीत.

पायरी ६: स्वतःचं स्वतःला ऐकवा

एकेरी कॉर्डने मॉड्यूलचा टीएक्स त्याच्याच आरएक्सला जोडा. एलएक्स आणि एलआरमध्ये पाठवायची कमाल पॉवर रिसीव्हरच्या कमाल हद्दीत बसते, त्यामुळे थेट जोडलं तरी चालतं; ५ डीबीचा अॅटेन्युएटर असेल तर लावा, चाचणी जास्त खरी होते. ४० किलोमीटर आणि वरच्यांना अॅटेन्युएटर हवाच. चाचणीचं पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचमधल्या स्वतंत्र जाळ्यात) घ्या, नाहीतर लूप डिटेक्शन पोर्टच पाडून टाकेल आणि तुम्ही मॉड्यूलला शिव्या द्याल.

लूपमध्ये लिंक वर आली आणि एरर वाढले नाहीत, तर हे मॉड्यूल दोन्ही बाजूंनी चांगलं; दुसऱ्या टोकाला जा आणि तिथेही हेच करा. लूपमध्येही एरर येत असतील तर खात्रीचं मॉड्यूल आणून त्याचा टीएक्स संशयिताच्या आरएक्सला आणि नंतर उलट, असं आलटून पालटून बघा. कोणता अर्धा भाग बिघडलाय ते तिथे उघड होतं.

बायडीला ही चाचणी लागू नाही. ते १३१० पाठवतं आणि १४९० ऐकतं, स्वतःचा आवाज त्याला ऐकूच येत नाही. तिथे खात्रीचा उलटा जोडीदार लागतो.

जीपॉन ओएनयूचं वेगळं प्रकरण

ओएनयूवर लॉसचा (सिग्नल येत नाही असा इशारा देणारा) लाल दिवा लागला की आधी येणारा १४९० मोजा. हिशेब असा: ओएलटी +३ देत असेल, १:३२ स्प्लिटर (एका फायबरचा उजेड ३२ वाटांत विभागणारा) साधारण १७ डीबी खातो, ५ किलोमीटर फायबर सव्वा, कनेक्टर-स्प्लाइस दीड, घरी -१७ च्या आसपास पोचायला हवं. बी-प्लस या पॉवरच्या वर्गात ओएनयू -२७ पर्यंत ऐकतो, आणि -८ पेक्षा जास्त उजेड त्याला सोसत नाही. मीटर -२० दाखवतोय, कनेक्टर साफ आहे आणि लाल दिवा तरीही लागलाय, तर बोसाची घेणारी बाजू गेली असं म्हणायला हरकत नाही.

पाठवणाऱ्या बाजूची परीक्षा मात्र साध्या मीटरने होत नाही, आणि इथे बरेच ओएनयू हकनाक बळी जातात. ओएनयूचा लेझर सतत पेटलेला नसतो. ओएलटीने वेळ नेमून दिली की तेवढ्या क्षणापुरता तो पेटतो, कारण त्याच फायबरवर बाकीचे ३१ जणही पाठवत असतात. फायबर काढून ओएनयूला थेट मीटर लावला तर ओएलटीच दिसत नाही, म्हणून ओएनयू गप्प बसतो आणि मीटरवर अंधार. त्यावरून ‘लेझर गेला’ ठरवणं साफ चुकीचं. यासाठी पॉन पॉवर मीटर लागतो, जो मध्ये जोडून, ओएनयू चालू असताना बर्स्ट (तेवढ्या क्षणापुरता सोडलेला उजेड) मोजतो. तो नसेल तर ओएलटीवर त्या ओएनयूची आरएक्स पॉवर बघा. बी-प्लसमध्ये ओएनयूने ०.५ ते ५ डीबीएम द्यायला हवं. वाटेतली गळती वजा करून ओएलटीवरचा आकडा जुळतो का ते ताडून बघा.

याच्या उलट बिघाड जास्त त्रासदायक: लेझर बंदच होत नाही. ड्रायव्हर अडकला की ओएनयू दुसऱ्यांच्या वेळेतही उजेड ओतत राहतो आणि एका स्प्लिटरवरचे सगळे ग्राहक आलटून पालटून पडतात. ज्याचा बिघाड आहे त्याची तक्रारच नसते, शेजारी ओरडत असतात. स्प्लिटरच्या फांद्या एकेक करून काढत जा. जी काढल्यावर बाकीचे सावरतात तिच्या टोकाला चोर बसलाय.

बोसा बदलावा का?

एसएफपी उघडून टोसा-रोसा बदलण्याच्या भानगडीत पडू नका; वेळेचे पैसे धरले तर नवीन स्वस्त पडतं. ओएनयूचं गणित वेगळं आहे. बऱ्याच ओएनयूंत बोसा थेट मुख्य बोर्डावर सोल्डर केलेला असतो, बाकी बोर्ड चांगला असतो आणि माल ढिगाने येतो.

करायचंच असेल तर तरंगलांबी, पिनांची मांडणी आणि कनेक्टर, तिन्ही जुळणाराच बोसा घ्या. मनगटी पट्टा आणि अर्थ केलेलं सोल्डरिंग आयर्न हवंच. लेझर स्टॅटिकने लगेच मरत नाही, अर्धमेला होतो आणि महिन्याभराने परत येतो. पिना आखूड ठेवा, आच कमी वेळ द्या, तोंडाची टोपी शेवटपर्यंत काढू नका, आणि पिगटेल (बोसातून निघणारी छोटी फायबर) वळवताना ३० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्या नको.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. प्रत्येक लेझर वेगळा: किती करंटला पेटतो आणि पुढच्या दर मिलिअँपिअरला किती उजेड देतो हे चिपगणिक बदलतं. जुन्या बोसासाठी बसवलेले बायस आणि मॉड्युलेशनचे आकडे बोर्डाच्या मेमरीत तसेच असतात. नवीन बोसा त्यांवर चालवला तर पॉवर जास्त-कमी होते, एक्स्टिंक्शन रेशो ढासळतो आणि तापमान बदललं की सगळं हलतं. आरएक्सचं मापही नव्याने बसवावं लागतं, नाहीतर ओएनयू -२० ला -१५ सांगत बसेल. कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर, अॅटेन्युएटर आणि बर्स्ट मोजणारं साधन नसेल तर बोसा बदलून ‘लाल दिवा गेला’ म्हणत ओएनयू ग्राहकाला परत देऊ नका. त्याचा फटका त्या स्प्लिटरवरच्या सगळ्यांना बसतो.

चार लेनवाली मॉड्यूलं

१०० गिगच्या क्यूएसएफपी-२८ मध्ये टोसा-रोसाचं काम चौपट होतं, पण निदान उलट सोपं होतं, कारण आकडे लेनवार, म्हणजे डेटाच्या प्रत्येक वाटेचे वेगळे मिळतात. एलआर-४ मध्ये १२९५ ते १३०९ नॅनोमीटरमधले चार लेझर एकाच टोसात असतात आणि त्यांचा उजेड एकत्र करून एकाच फायबरवर जातो. चारही लेन सारख्याच उतरल्या असतील तर कनेक्टर किंवा फायबर बघा. एकच लेन उतरली असेल तर वाट सगळ्यांची एकच असल्याने दोष पाठवणाऱ्या किंवा घेणाऱ्या मॉड्यूलच्या आत आहे. त्या लेनचा समोरचा बायस बघा, तिथेच उत्तर मिळेल. एसआर-४ ला हा नियम लावू नका. तिथे एमपीओ कनेक्टरमधल्या १२ पैकी ८ फायबर वापरतात, प्रत्येक लेनची फायबर वेगळी, त्यामुळे एकच लेन पडली तर आधी एमपीओचं तोंड स्कोपखाली धरा आणि एमपीओच्या क्लीनरने साफ करा.